रानातल्या सीलांना जंताचं औषध द्यावं का?

सातपुडापायथा (चोपडा)
केळीच्या बागेत बसून सीलांची, म्हणजे समुद्रात मासे खाऊन जगणाऱ्या आणि वाळूवर येऊन पडणाऱ्या त्या प्राण्यांची, काळजी कशाला, असं म्हणणारे येतीलच. त्यांना आधीच रामराम.

वाद असा आहे. उत्तर युरोपात वॅडन समुद्राच्या वाळूवर सीलची वर्षाच्या आतली पिल्लं खोकत, रक्ताळलेला शेंबूड गाळत पडलेली सापडतात. फुप्फुसात जंत असतात. त्यातला ओटोस्ट्राँगायलस तर बोटापेक्षा लांब, श्वासनळीत गुंताडा करून बसतो. नेदरलँड्समध्ये अशी पिल्लं उचलून न्यायची, औषधपाणी करून, मासळी चारून परत समुद्रात सोडायची, हे कित्येक दशकं चालू आहे. 2020 साली तिथं करार झाला की दिसलं पिल्लू की उचललं, हे आता करायचं नाही. आधी लांबून लक्ष ठेवायचं, अगदीच गरज असेल तरच हात लावायचा. प्राणीप्रेमी खवळले.

माझं मत: करार योग्यच आहे. तिथं वीस हजारांवर सील आहेत. दूध सुटून पिल्लू मासे खायला लागलं की माशांतून जंत पोटात जाणारच. काही मरतात, जे तगतात त्यांना पुढे हा जंत सहसा त्रास देत नाही. आपण मध्ये पडून जे तगणारच नव्हते त्यांना तगवतो आणि त्यांचीच पुढची वीण वाढवतो. रान म्हणजे गोठा नव्हे.

मेंढरामागे (साक्री)
भाऊ, "निसर्गाचा नियम" हे ज्याच्या दारात जनावर मरत नाही तोच बोलतो. आमच्या मेंढीला जंताचा जोर झाला की जबड्याखाली पाणी उतरून सूज लोंबते. अंगठ्याने खालची पापणी ओढून बघायची. आतून लाल-गुलाबी असली तर मेंढी सोडून द्यायची, पांढरीफटक असली की औषध पाजायचं. इतकं सोपं असतं कधी कधी. बरं होणारं जनावर समोर तडफडतंय आणि आपण लांबून दुर्बिणीने बघायचं? ना भो. आणि त्या समुद्रात बोटी, जाळी, घाण माणसाचीच. तिथं निसर्ग उरलाय किती?

दवाखानावाला (धुळे)
दादा, पापणी बघून औषध देता हे उत्तमच. पण तुमची मेंढी उद्याही तुमच्याच वाड्यात असते. बिघडली तर हाताशी आहे. सीलच्या फुप्फुसातले जंत औषधाने एकदम मेले की मेलेल्या जंतांनीच नळी तुंबते, सूज येते. म्हणून जोडीला सूज उतरवणारं औषध लागतं, रोज तपासावं लागतं. वाळूवर इंजेक्शन टोचून निघून आलात तर उपकार केला की अपकार, कळायचंही नाही.

दुसरं, आपल्याकडे मेंढ्यांना वर्षानुवर्षं एकच औषध पाजून काय झालं ते बघा. पोटातला हिमॉन्कस नावाचा रक्तपित्या जंत कितीतरी कळपांत त्या औषधाला दाद देईनासा झालाय. तेच समुद्रावर करून ठेवायचं?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
सगळे वॅडन धरूनच भांडताय. सील एक नाही आणि जंतही एक नाही.

न्यूझीलंडच्या दक्षिणेला एंडरबी नावाचं बेट आहे. तिथले सी लायन म्हणजे बाहेर कान दिसणारे, सीलचे चुलत भाऊ म्हणा. संख्या सगळी मिळून दहा-बारा हजारांच्या आसपास. त्यांच्या पिल्लांना अंकुशकृमी होतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. तो येतो कुठून? आईच्या दुधातून! अलास्काच्या फर सीलवर काम करताना ओल्सेन आणि लायन्स यांनी 1960 च्या दशकात हे उलगडलं. वाळूतल्या अळ्या कातडीतून अंगात शिरतात, मादीच्या चरबीत नुसत्या पडून राहतात आणि ती व्याली की पहिल्या काही दिवसांच्या दुधातून पिल्लात उतरतात. चिकाबरोबर रोग! आतड्यात मोठा होतो तो फक्त पिल्लाच्या, तोही थोडे महिने. मग आपोआप पडून जातो.

म्हणजे धोक्याचा काळ ठरलेला. एंडरबीवर पिल्लांना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध टोचून पाहिलं, तर औषध दिलेली पिल्लं न दिलेल्यांपेक्षा चांगली वाढली आणि जास्त जगली. इथं रोज तपासायचं कामही नाही, फुप्फुस तुंबायची भीतीही नाही. चोपड्याच्या भाऊंनी "रान म्हणजे गोठा नव्हे" हे वाक्य या पिल्लांपुढे म्हणून दाखवावं.

सातपुडापायथा (चोपडा)
ताई, तुमच्या एका बेटाला माझं एक बेट. हवाईचा मंक सील, जगात उरले सोळाशेच्या आसपास. पिल्लं आईपासून सुटली की बरीच पहिल्या एक-दोन वर्षांत मरतात, पोटात पट्टकृमी भरलेले. शास्त्रज्ञांनी तिथंही औषध देऊन पाहिलं, पण ठाम फायदा दिसला नाही. पिल्लाला मुळात पुरेसं खायलाच मिळत नसेल, शार्क टपलेले असतील, जुन्या जाळ्यांत अडकत असेल, तर नुसते जंत काढून काय होणार? जंत दिसतात म्हणून आपण त्यांच्यावर तुटून पडतो.

वाघूरचं पाणी (जामनेर)
कॅनडावाल्यांचं तर ऐका. तिथल्या राखी सीलच्या पोटातल्या जंताची अंडी विष्ठेवाटे समुद्रात, तिथून बारीक जीवांत, मग कॉड माशाच्या मांसात. कारखान्यात माशाचा काप उजेडाच्या काचेवर ठेवून एकेक जंत चिमट्याने ओढून काढतात. गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणून. शिजवल्यावर तो जंत मरतोच, पण ताटात दिसायला नको ना. कॉडही घटलेला. मग 2012 साली त्यांच्या सिनेटच्या समितीने सुचवलं की सेंट लॉरेन्स आखातातले 70,000 राखी सील मारावेत. औषध पाजायचं सोडा, धनीच मारून टाका!

नारूचा नातू (शिरपूर)
तुम्ही सगळे जंताच्या बाजूनेही थोडं बोलताय याचं नवल वाटतं. आपल्या आजोबांच्या पिढीने पायातून नारू काडीवर गुंडाळून बाहेर ओढलाय. 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला तेव्हा जैवविविधता कमी झाली म्हणून कोणी रडलं नाही. सीलच्या जंताचे एवढे लाड का?

दवाखानावाला (धुळे)
नारू कुठल्या गोळीने गेला, सांगा बरं? गोळी नव्हतीच. पाणी फडक्याने गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप आले. उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्या बाजूचं निघालं.

एंडरबीचंही तसंच आहे. तिथली पिल्लं चिखलाच्या खड्ड्यांत पडून मरायची. त्यात फळ्यांचे उतार टाकले, पिल्लं चढून बाहेर यायला लागली. क्लेब्सिएला जंतूनेही तिथं पिल्लं मोठ्या संख्येने मेली आहेत. मग आधी सुई की आधी फळी?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
दोन्ही. फळी टाकणारा माणूस बेटावर आहेच, त्याच्या खिशात सुई असली तर काय बिघडलं? तुमच्या बाजूचं एक मीच देते: अलास्काच्या सेंट पॉल बेटावर फर सील घटले, किनाऱ्यावरची दाटी कमी झाली, तसा अंकुशकृमीही जवळजवळ नाहीसा झाला. औषधाविना. पण सील कमी होऊन जंत गेले, याला यश म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मेंढरामागे (साक्री)
दाटीचं खरं आहे. पावसाळ्यात एकाच वाड्यात जास्त मेंढरं कोंबली की तेच होतं, म्हणून तर आम्ही हलत राहतो. पण चोपड्याच्या भाऊंना माझा सरळ सवाल: वीस हजारातलं असो की सोळाशेतलं, पिल्लू पायाशी खोकतंय आणि औषध तुमच्या पिशवीत आहे. काय कराल?

सातपुडापायथा (चोपडा)
सोळाशेतलं असेल तर दवाखानावाल्यांना फोन लावीन. वीस हजारातलं असेल तर पिशवी न उघडता पुढे जाईन. मला निर्दय म्हणा.

मेंढरामागे (साक्री)
म्हणतो.