मासा शिजवला तर त्यातला पारा सुटत का नाही?

गोंधळलेला_जीव:
एक बेसिक शंका. प्रोटीन तापवलं की त्याची घडी मोडते, हे शाळेत शिकलो होतो. मग माशातला पारा प्रोटीनलाच चिकटलेला असेल तर शिजवताना तो सुटून पाण्यात यायला हवा ना? सगळीकडे लिहितात शिजवून काही उपयोग नाही, पण का ते कोणी सांगत नाही. आणि चरबी, कातडी काढून टाकली तर?

सल्फरवाला:
घडी मोडते, साखळी नाही. माशात पारा बहुतेक करून मिथाइलमर्क्युरी म्हणून असतो आणि तो सिस्टीन या अमिनो आम्लाच्या सल्फरला धरून बसतो, प्रोटीन उलगडलं तरी सिस्टीन जागेवरच आणि पाराही तिथेच, स्वयंपाकाच्या तापमानाला तो बंध काही तुटत नाही. उलट पाणी उडून जातं म्हणून शिजलेल्या माशात दर ग्रॅममागे पारा थोडा जास्तच भरतो. चरबी काढायचा सल्ला पीसीबीसारख्या तेलात विरघळणाऱ्या विषांसाठी आहे, पारा मांसात असतो.
खरी बदमाशी पुढे आहे. मिथाइलमर्क्युरी आणि सिस्टीनची जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, त्यामुळे मेंदूकडे अमिनो आम्लं नेणारा वाहक तिला बिनदिक्कत आत सोडतो.

तिसरी_घंटा:
वरचं बरोबर, पण सगळ्या धातूंना एकच नियम लावू नका. तांदळातलं अजैविक आर्सेनिक पाण्यात उतरतं, भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं तर ते कमी होतं (पाण्यातच आर्सेनिक असेल तर मात्र उलटंच). शिसं कॅल्शियमची नक्कल करून हाडात जाऊन बसतं. कॅडमियमसाठी तर शरीराकडे खास प्रोटीन आहे, मेटॅलोथायोनिन, १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं. साठेक अमिनो आम्लांत तब्बल २० सिस्टीन, एक रेणू कॅडमियमचे ७ आयन पकडतो. म्हणून कॅडमियम मूत्रपिंडात १०-३० वर्षं रेंगाळतं आणि म्हणूनच प्राण्यांच्या मूत्रपिंडात मांसापेक्षा जास्त मिळतं.

गोंधळलेला_जीव:
ओके, म्हणजे सल्फर हाच चुंबक. मग लसणात सल्फर असतं, भरपूर लसूण खाल्ला तर पारा बाहेर पडेल?

सल्फरवाला:
नाही हो. पारा सल्फरला घट्ट धरतो पण एका सल्फरवरून दुसऱ्यावर उड्याही पटापट मारतो, आणि शरीरात सल्फरवाले रेणू मुळातच ढिगाने आहेत, ग्लुटाथायोन घ्या, प्रोटीनं घ्या, त्यात तुमच्या लसणाची काय मोजदाद. डीएमएसएसारख्या औषधात शेजारी-शेजारी दोन सल्फर असतात, धातू दोन्हीकडून पकडला की तो लघवीवाटे जाऊ शकतो. शिशाच्या विषबाधेत ते वापरतात, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली, घरी प्रयोग करायची गोष्ट नाही.

तिसरी_घंटा:
आणि मासे सोडू नका लगेच, लहान जातीचे खा. मोठे शिकारी मासे वर्षानुवर्षं छोटे मासे खात राहतात, त्या सगळ्यांचा पारा त्यांच्यात साठतो.