ऑल-व्हील-ड्राइव्हची टेस्ट ड्राइव्ह: काय तपासू?

प्रश्न: जुनी बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह (एक्सड्राइव्ह म्हणजे बीएमडब्ल्यूची ऑल-व्हील-ड्राइव्ह, इंजिनची ताकद चारही चाकांना) बघायला धुळ्याला चाललोय. अशी गाडी पहिल्यांदाच चालवणार. लळिंग घाटात नेऊ का?

तापीकाठ: घाट नंतर. आधी मोकळ्या डांबरी जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळली तर चारही टायरांची झीज मोजा. झीज असमान असेल तर ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातला) क्लच सतत घासत राहतो, आणि तो खर्च मोठा.

केळीवाला: हवा टायर थंड असतानाच तपासा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे.

तापीकाठ: बरोबर. पावसात काळ्या मातीच्या साइडपट्टीवर उतरू नका भाऊ; टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की चारही चाकं नुसती फिरतात. आणि ब्रेकिंगला एक्सड्राइव्हची मदत नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात!