दंतकथा आणि तोंडी परंपरा पुरावा म्हणून धरायच्या का?

पवनाकाठ: सिंहगडावर गेलं की कुणीतरी यशवंती घोरपडीची गोष्ट सांगतं आणि दुसरा कुणीतरी ती खोडून काढतो. तिथवर ठीक. पण पाठोपाठ येतं, "ऐकीव ते सगळं भाकड." याची मला चीड येते. सभासदाची बखर आपण साधन मानतो. ती 1697 ची, कोंढाणा घेतला 1670 ला. मधली 27 वर्षं ही हकीकत बहुतेक लोकांच्या तोंडीच होती ना? मग कारकुनाच्या हाती लागली ती साधन आणि मावळात राहिली ती भाकड, हा कुठला न्याय?

दफ्तरी: उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. सभासद सांगतो, आधी दोघे मावळे वानरासारखे कडा चढले, वर माळ म्हणजे दोराची शिडी लावली, मग बाकीचे चढले. घोरपडीचं नावही नाही. "गड आला पण सिंह गेला" हेही त्यात नाही. तिथे "एक गड घेतला, परंतु एक गड गेला" असं आहे. सिंहगड हे नाव तर 1670 च्या आधीच्या कागदांत आहे. आणि बखरी तरी डोळे झाकून कोण घेतं? शिवजन्म 1627 चा सांगणाऱ्या बखरी जेधे शकावलीपुढे, म्हणजे जेधे घराण्यातल्या तारीखवार नोंदींपुढे, मागे पडल्याच.

ओवीवेडी: तुम्ही दोघं गड आणि तारखा सोडायला तयार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून बायकांकडून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सासरी पोटाला काय मिळालं, मुलगी झाल्यावर घर कसं वागलं, हे पेशवे दफ्तराच्या कोणत्या रुमालात, म्हणजे कागदांच्या गाठोड्यात, सापडणार? लिहिणारे हात त्यांचे नव्हतेच.

पवनाकाठ: अगदी बरोबर. दफ्तरी, ज्या जेधे घराण्याची शकावली, त्याच घराण्याचा करीनाही तुम्ही वापरता. करीना म्हणजे घराण्याने सांगितलेली हकीकतच. महजर म्हणजे निवाड्याचा कागद तरी काय? गोत म्हणजे गावसभा बसली, पाटील-बलुतेदारांनी वाडवडिलांपासून ऐकलेलं सांगितलं, ते लिहून घेतलं आणि वतनाचा निवाडा झाला.

दफ्तरी: पण तिथे वादी-प्रतिवादी समोरासमोर असत, शपथ असे, खोटं बोलणाऱ्याला गाव ओळखून असे. दंतकथेची उलटतपासणी कोण करतं?

गुंजवणी: आपण करायची. तोरण्याच्या पायथ्याला आम्ही म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करतो. कुणाकडून ऐकलं, ती व्यक्ती कुठल्या वाडीची, हे पहिलं विचारतो. एका वाडीत सांगतात, जमीन आमच्या पूर्वजाला गडाच्या हवालदारीबद्दल मिळाली. शेजारची वाडी म्हणते, छे, ते घेऱ्यातले, म्हणजे गडाभोवतालच्या भागातले, राखणदार होते. दोन्ही जशीच्या तशी टिपली आहेत. इनामाचा कागद शोधतोय. तोवर एकीलाही खरी म्हणत नाही.

दफ्तरी: अशा कामाला माझी हरकत नाही. फक्त छापताना "अमुक वाडीत असं सांगतात" हे शब्द गाळू नका. ते गळले की पुढचा लेखक तुमचं पुस्तक दाखवूनच ती गोष्ट सिद्ध झाली म्हणतो. घोरपडीचं हेच झालं.