एका ग्रॅम काळ्या मातीत किती गुंठे? चौरस नॅनोमीटर ते एकर हिशोब

पूर्णाकाठ:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पोरांचा तक्ता करायचा आहे: काळ्या रानातल्या चिकणमातीच्या कणांचं पृष्ठफळ गुंठ्यात दाखवायचं. पुस्तकात आकडे चौरस नॅनोमीटरमध्ये, आणि परभणीकडच्या पोरांना कळतो तो गुंठा नि एकर. एक एकर म्हणजे किती चौ. नॅनोमीटर, हे दोन संकेतस्थळांवर पाहिलं तर दशांशचिन्हानंतरच्या पाचव्या आकड्यापासून उत्तरं वेगळी: एकीकडे ४.०४६८५६, दुसरीकडे ४.०४६८७३, पुढं १०चा २१वा घात. खरं कोणतं? आणि ‘एका ग्रॅम मातीत कित्येक गुंठे’ असं म्हणतात, त्यात तथ्य किती?

साखळीवाला:
आधी पाया. आजचा फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर. गुंठा ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौ. फूट, म्हणजे १०१.१७१४ चौ. मी. असे ४० गुंठे की एकर: ४०४६.८५६४ चौ. मी. तुमचा पहिला आकडा हाच. दुसऱ्या ठिकाणी अमेरिकी सर्व्हे फूट धरलाय, जो केसभर मोठा आहे. अमेरिकेनंही तो २०२२ अखेर बाजूला ठेवला. फरक एकरामागं १६२ चौ. सें. मी., तळहाताएवढा. पहिला घ्या नि पुढं चला.

मीटरमध्ये नॅनोमीटर १०चा ९वा घात. क्षेत्रफळाला तोच घात दुप्पट, म्हणजे १८वा. इथं बरेच जण ९वाच घालतात आणि उत्तर शंभर कोटी पटींनी चुकतं. गुंठा = १.०११७ × १०चा २०वा घात चौ. नॅनोमीटर, एकर = ४.०४६९ × १०चा २१वा घात. एक्सेलमध्ये बावीस आकडी संख्या सलग लिहू नका. ते पंधरा आकडेच सांभाळतं, पुढं गपगुमान शून्यं भरतं.

सातबाऱ्यावरून क्षेत्र घेणार असाल तर तिथं गुंठे नसतात, हेक्टर-आर-चौ. मी. असतं. ०.४०.५० म्हणजे ४०५० चौ. मी. आर १०० चौ. मी.चा, गुंठा १०१.१७चा, म्हणून दोन्ही एकच समजून चालणारे पुष्कळ. एकराला तो फरक सुमारे अर्धा गुंठा पडतो. त्याहून वाईट म्हणजे ५ आर ‘०.५’ लिहिणं: ते ५० आर झाले, ०.०५ हवं. आणि सातबारा चौ. मी.पर्यंतच बोलतो, तेव्हा ४०५०च्या पुढं नॅनोमीटरचे अठरा आकडे मांडण्यात काही अर्थ नाही.

चोपण:
गुंठ्याच्या गोष्टीत तथ्य आहे, पण क्षेत्रफळ कशाचं ते तक्त्यावर आधी लिहा. सातबाऱ्याचं क्षेत्र सपाट नकाशावरचं. हे कणांच्या पापुद्र्यांचं, दोन्ही बाजू धरून.

आपली काळी माती बेसॉल्टपासूनची. तिच्यात मोंटमोरिलोनाइटसारखी फुगणारी खनिजं भरपूर, उन्हाळ्यातल्या भेगा त्यांच्यामुळंच. या खनिजाच्या एकक कोशाची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) एक बाजू साधारण ०.५२ × ०.९० नॅनोमीटर, म्हणजे ०.४६८ चौ. नॅनोमीटर. दोन बाजूंचं ०.९३६. कोशाचं मोलर वस्तुमान, म्हणजे ६.०२२ × १०चा २३वा घात इतक्या कोशांचं वजन, सुमारे ७४० ग्रॅम. म्हणून एका ग्रॅमात ६.०२२ × १०चा २३वा घात भागिले ७४० इतके कोश. त्याला ०.९३६ने गुणून १०च्या १८व्या घातानं भागलं की ७६२ चौ. मी. निघतात. साडेसात गुंठे! एका एकरासाठी ५.३ ग्रॅम पुरे.

पण हे शुद्ध खनिजाचं झालं. रानातल्या मातीत ५५ टक्के चिकण आणि त्यातलं ६० टक्के असं खनिज धरलं, तर ग्रॅममागं साधारण २५० चौ. मी., अडीच गुंठे. ‘कित्येक’ हा शब्द मातीला लावू नका.

पूर्णाकाठ:
सर, एका प्रयोगशाळेचा नायट्रोजन पद्धतीचा, बीईटी अहवाल (कणांवर किती वायू चिकटतो त्यावरून पृष्ठफळ काढतात) हाताशी आहे. त्यात काळ्या मातीचे फक्त ६० चौ. मी. दिलेत. मग अडीच गुंठे कसे?

चोपण:
अहवाल बरोबर असू शकतो. सुक्या मातीचे पापुद्रे एकमेकांना चिकटलेले असतात, नायट्रोजन आतल्या थरांत शिरत नाही, बाहेरचंच अंग मोजतो. एकदा आकडेमोडही तपासा: नायट्रोजनच्या रेणूची जागा १६.२ चौ. अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), म्हणजे ०.१६२ चौ. नॅनोमीटर. शंभरनं भागायचं तिथं दहानं भागलं की उत्तर दसपट फुगतं.

आतले थर धरायचे तर इथिलीन ग्लायकॉल मोनोइथाइल इथर वापरतात, चौ. मी.मागं ०.२८६ मिलिग्रॅम. शाळेत ते नकोच, त्याची वाफ घातक. त्यापेक्षा मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग बरा. लिटरला १० ग्रॅम असं द्रावण करा. २ ग्रॅम वाळवून चाळलेली माती ३० मि.लि. ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळत ठेवा आणि अर्धा-अर्धा मि.लि. द्रावण घालत जा. दर वेळी काचेच्या कांडीनं गाळणकागदावर ठिपका द्या. आधी गडद ठिपक्याभोवती नुसतं पाण्याचं वर्तुळ दिसेल. पुढं त्यात फिकट निळं कडं उमटतं. ते दोन मिनिटं ढवळल्यावरही टिकलं की थांबा. घाई केली तर रंग अजून मातीत मुरायचाच असतो आणि आकडा कमी येतो.

समजा २० मि.लि. लागले. म्हणजे ग्रॅममागं १०० मिलिग्रॅम रंग. रेणू १.३० चौ. नॅनोमीटर झाकतो असं धरून, मोलर वस्तुमान ३२० घेतलं, तर २४५ चौ. मी., जवळजवळ २.४ गुंठे. बाटलीवर ट्रायहायड्रेट (रेणूमागं पाण्याचे तीन रेणू असलेला) लिहिलं असेल तर ३२० ऐवजी ३७४ घ्या, नाहीतर उत्तर सहावा हिस्सा जास्त येईल. हातमोजे घाला, डाग आठवडाभर जात नाही.

साखळीवाला:
तक्त्यावर ‘सुमारे २.४ गुंठे’ एवढंच लिहा. दशांशापुढं आणखी आकडे दिले तर परीक्षक पहिला प्रश्न तिथंच विचारतील.