मदत हवी आहे : अंतरिम मनाई नाकारली, धारवाडला (उच्च न्यायालयात) अपील करावं का?

नमस्कार मंडळी,

निपाणीजवळच्या खेड्यातून लिहितेय. आमची घरची कांदा-लसूण चटणी आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, १९९६ साली संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची निम्मी निम्मी घेऊन डंकावर कुटायला सुरुवात केली. चिकोडी, संकेश्वर, कागल, गडहिंग्लज, एवढ्या बाजारांत नाव झालं. नावाची नोंदणी मात्र कधी केली नाही.

आमचाच माल दहा वर्षं नेणाऱ्या वितरकाने २०१९ मध्ये एक वेलांटी बदलून ते नाव स्वतःकडे नोंदवून घेतलं. पुडाही तसाच लाल, वर तसंच डंकाचं चित्र. गेल्या शिमग्याला कागलच्या बाजारात एक बाई फोडलेला पुडा घेऊन आल्या, "औंदा चटणी लई खारट केलासा." पुडा आमचा नव्हताच. आप्पांनी तो हातात घेतला, वास घेतला आणि काही न बोलता त्यांना आमचा पुडा दिला. त्याच आठवड्यात आम्ही वकील गाठला.

बेळगावला दावा लावला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्यांनी ते नाव वापरू नये म्हणून अंतरिम मनाई मागितली. ती नाकारली गेली. त्यांच्याकडे नोंदणी आहे, आणि आमचा आधीचा वापर प्रथमदर्शनी दिसत नाही, असं आदेशात म्हटलंय. जुनी बिलबुकं मराठीत, ती भाषांतर करून दिली होती. पण बिलावर नुसतं ‘चटणी ५ किलो’. आठवडी बाजारातल्या बिलावर छापाचं नाव कोण लिहीत होतं?

आता वकीलसाहेब म्हणतात, "वहिनी, अपिलात दोन्ही पुडे नव्याने शेजारी ठेवून बघणार नाहीत." मला हेच उमगत नाही. वरचं कोर्ट पुडे बघणार नसेल तर बघतं काय? दिरांच्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याचा असाच आदेश अपिलात फिरला. मग आमचा फिरेल की नाही, हे आधी कशावरून ओळखायचं? आदेश होऊन २३ दिवस झालेत.

प्रतिसाद :
ताई, तुमचे वकील बरोबर सांगताहेत. १९९० च्या वाँडर विरुद्ध अँटॉक्स या खटल्यात कॅल्शियमच्या गोळ्यांच्या नावावरून वाद होता. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी मनाई नाकारली, तिथल्याच दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने अपिलात दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा आदेश रद्द केला. आपलं मत वेगळं पडतं एवढ्यावरून खालचा आदेश फिरवायचा नाही. तो मनमानी असेल, विपरीत (म्हणजे समोरच्या पुराव्याच्या उलट) असेल किंवा अंतरिम मनाईचे ठरलेले नियम डावलून दिला असेल, तरच हात घालायचा.

म्हणून आदेश पुन्हा वाचा. ‘नोंदणी आहे, सबब मनाई नाही’ असा रोख असेल तर ती कायद्याची चूक आहे आणि तिथे अपिलाला जोर आहे. २०१५ मध्ये तिरुनेलवेलीच्या हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ आणि कलम २७(२) त्याच बाजूचं. पण ‘आधीचा वापर कागदांवर दिसत नाही’ हे खरं कारण असेल तर तो पुराव्याचा निष्कर्ष झाला. तो अपिलात हलवणं फार अवघड. बेकरीवाल्याचा आदेश यापैकी कशावर फिरला ते विचारा, मग तुलना करा.

दावा व्यावसायिक न्यायालयात असेल तर मुदत आदेशापासून ६० दिवस. अपील सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण तेवढ्यात तुमचा मिरचीचा हंगाम जाईल.

माझं मत, नुसत्या अपिलावर बसू नका. १९९६ ते २०१९ मधला, नाव छापलेला एखादा तरी कागद शोधा.

धागाकर्ती :
मनापासून आभार. आदेश परत वाचला. नोंदणीवर सात परिच्छेद आहेत, बिलांवर दीडच. म्हणजे आशा धरावी का?

आणि एक सापडलं. पहिले पुडे कोल्हापूरच्या एका छापखान्यात छापले होते. आप्पा काल तिकडे जाऊन आले. छापखाना बंद झालाय, पण मालकांच्या माळ्यावर आमच्या नावाचा जस्ताचा ठसा तसाच आहे, शाईसकट. त्यावर साल नाही. मालक प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत. खालच्या कोर्टात न दिलेला हा पुरावा धारवाडला घेतील का, की बेळगावलाच मूळ दाव्यात द्यावा? यातून कुणी गेलं असेल तर कृपया लिहा.