आखाजीला माहेरी जायचंय, इन्सुलिन कुठं ठेवू? आणि पुरणपोळीचं काय?

चोपड्याची आई:
नमस्कार. मुलगी ९ वर्षांची. दिवाळीत टाइप वन मधुमेह निघाला. सुया, बोट टोचून तपासणं आता दोघींना जमतंय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शिरपूरकडच्या खेड्यात माहेरी जाणार. तिथं दुपारी लाईट गेली की कधी येईल नेम नाही, ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. इन्सुलिन कुठं ठेवायचं? आई खापराच्या पुरणपोळ्या करणार, आमरस असणार. सगळी भावंडं ते खाताना हिला भाकरी वाढू का? सासूबाईंचं वेगळंच, "रोज सुई कसाले टोचतस पोरले?" त्यात चुलत दिरांनी चूर्ण आणून दिलंय, सुई सुटते म्हणे.

बाजारकरी, धरणगाव:
ताई, आधी चूर्णाचं. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. पेशीच उरल्या नाहीत तर चूर्ण जागं कोणाला करणार? सुरुवातीचे काही महिने उरल्यासुरल्या पेशी थोडं काम करतात, डोस कमी होतो, आणि नाव चूर्णवाल्याचं होतं. सुई थांबवली तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात, जिवावर बेततं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं जगतच नसत. सासूबाईंना एवढंच सांगा. माझ्या आजीला ते पुरलं होतं.

मला शाळेत असल्यापासून टाइप वन आहे आणि धंदा आठवडी बाजारात कपडे विकायचा, म्हणजे मे महिन्यातही दिवसभर ताडपत्रीखाली. माझं इन्सुलिन मडक्यात असतं. एक मोठं मडकं, त्यात बसेल असं दुसरं लहान. मधल्या फटीत वाळू, ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं, आणि मडकं सावलीत, वारा लागेल तिथं. आपला उन्हाळा कोरडा म्हणून हे जमतं, पावसाळी दमट हवेत तितकं नाही. फ्रिजची सर येत नाही, पण चालू कुपी २५-३० अंशांखाली राहिली की साधारण महिनाभर चालते. न उघडलेल्या २ ते ८ अंशांत लागतात, त्या चोपड्यालाच फ्रिजमध्ये राहू द्या, सोबत एखादी जादा घ्या. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. गाडीच्या डिकीत तर नकोच. आखाजीच्या घागरी घ्यायला कुंभाराकडे जालच, तेव्हाच मडकी बघा.

पुरणपोळी वाढा हो! भावंडांच्या पंगतीत वेगळं ताट काय असतं ते मी भोगलंय. फक्त मोजून. खापराची पोळी म्हणजे रुमालच, तिचा चौथा हिस्सा पुष्कळ. बिनसाखरेच्या १०० ग्रॅम रसात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं धरा. किती ग्रॅमला किती युनिट, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुरणावर तुपाची धार पडली की साखर उशिरा चढते, म्हणून झोपतानाही तपासा. आणि उलट बाजू विसरू नका. पोरी दुपारभर झोके घेतात, पळतात, तेव्हा साखर उतरते. ७० च्या खाली आली की दोन-तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. ग्लुकोजची पुडी तिच्याच खिशात हवी, तुमच्या पर्सला झोक्याजवळ कोण शोधणार?

मेडिकलवाला, भुसावळ:
सिरिंज घरूनच न्या. कुपीवर ४० (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असेल तर लाल टोपणाची, १०० असेल तर नारिंगी. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने तेवढ्याच रेघा ओढल्या तर निम्म्याहून कमी औषध जातं. उलट झालं तर अडीचपट, ते जास्त धोक्याचं. खेड्यात दुकानदार हातात येईल ती देतो.

चोपड्याची आई:
आमची ४० चीच आहे, आत्ता पाहिलं. एक कुपी पाण्यासारखी, दुसरी दुधाळ. दुधाळ खराब झाली का?

बाजारकरी, धरणगाव:
नाही, ती तशीच असते. हळू फिरवून एकजीव करून घ्या, जोरात हलवू नका. तिच्यात गुठळ्या दिसल्या, काचेला पांढरं चिकटलं, किंवा ती पाण्यासारखी असलेली दुसरी कुपी गढूळ झाली, तर टाकून द्या. दिसायला ठीक असूनही नेहमीच्या डोसला साखर उगाच चढती राहिली तरी नवी कुपी उघडा, उन्हाने ताकद गेलेली डोळ्यांना कळत नाही. चढत्या साखरेबरोबर उलटी किंवा पोटदुखी असेल तर मात्र कुपीचा विचार करत बसू नका, थेट शिरपूर गाठा.