मदत हवी आहे: घरी शिवलेले नर्सिंग पॅड गळतात

शिवणपेटी:
बहीण बाळाला अंगावर पाजते, दूध झिरपून ब्लाऊज ओला होऊ नये म्हणून आत ठेवायचे हे पॅड. तिच्यासाठी सहा जोड शिवले. चार थर आहेत, खाली वॉटरप्रूफ कापडही आहे, तरी अर्ध्या तासात ब्लाऊज ओला. अजून किती थर वाढवू? सोमवारी तिचं ऑफिस सुरू होतंय, पटकन सांगा.

सुईदोरा:
चार थर कशाचे? व्यास किती? कापड बेतण्याआधी धुतलं होतं का?

शिवणपेटी:
कापडाचेच की! वर फ्लॅनेल, मधे टर्किश टॉवेल दोन थर, खाली पीयूएल, म्हणजे तेच एका बाजूने प्लास्टिकसारखा थर दिलेलं वॉटरप्रूफ कापड. १० सेंमी. धुतलं नाही, सगळं नवंकोरं होतं.

सुईदोरा:
नवंकोरं हीच अडचण. कोऱ्या सुती कापडावर खळ असते, पाणी आत शिरत नाही. टॉवेलवर एक थेंब टाकून बघा. मोत्यासारखा बसून राहिला तर पॅड तीन-चार वेळा गरम पाण्यात धुवा. सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा तेलकट थर धाग्यांवर बसतो. शिवाय सुती कापड आटतं, पीयूएल आटत नाही, म्हणून न धुता शिवलेला पॅड पहिल्या धुण्यातच चुरगळतो. आणि १० सेंमी लहान आहे, १२ घ्या.

बाळबोध:
एवढा उपद्व्याप कशाला? वापरून फेकायचे आणा. नाहीतर बाळाला वरचं दूध सुरू करा.

चौकट_राजा:
विचारलंय काय, सांगताय काय!

मलमलवाली:
पीयूएलच काढून टाका. मुंबईच्या दमट हवेत आत घाम कोंडतो, ओल्या पॅडने कातडी हुळहुळी होते, बुरशी धरते. सहा पदरी मलमल पुरते, दर दोन तासांनी बदलायची.

सुईदोरा:
ऑफिसात दर दोन तासांनी? लोकलमध्ये उभ्याने बदलायची का? पीयूएल असू द्या, पॅड ओला झाला की बदला. तेवढं केलं की घाम आणि बुरशीचा प्रश्न बराच सुटतो.

चौकट_राजा:
भांडण नंतर. शिवणपेटी, ब्लाऊजवर डाग कुठे पडतो, मधे की कडेला? पॅडचा फोटोही टाका.

शिवणपेटी:
फोटो टाकला. डाग कडेने गोल, आणि मधे ठिपक्याठिपक्यांचं फूल.

चौकट_राजा:
अहो, मधे फुलाची शिलाई केलीत की! थर सरकू नयेत म्हणून ना? ती टीप पीयूएलमधून गेली, सुईच्या प्रत्येक भोकातून दूध बाहेर येतंय. ब्लाऊजवर तुमचीच नक्षी उमटली आहे. फूल काढायचंच असेल तर फ्लॅनेल आणि टॉवेल एवढ्यातूनच काढा, पीयूएल शेवटी जोडा. टाचण्याही नकोत, कपड्यांचे छोटे चिमटे लावा.

कडेचा डाग वेगळ्या कारणाने. ओव्हरलॉकला सुती दोरा असेल, तो दिव्याच्या वातीसारखा दूध बाहेर खेचतो. पॉलिएस्टर दोरा घ्या. टॉवेलची चकती बाकीच्यांपेक्षा सगळीकडून १ सेंमी लहान कापा, म्हणजे ती शिलाईत येणार नाही. पीयूएलची चकचकीत बाजू टॉवेलकडे हवी. फ्लॅनेल आणि पीयूएल सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून कडेला ६ मिमीवर टीप मारा, ३ सेंमी उघडं सोडून पलटा, तोंड बंद करा. सुई ७५ नंबरची, गोल टोकाची. टाका ३ मिमीचा. बारीक टाक्याने भोकं वाढतात.

फिरकी:
कडेला पिको केला तर? आमच्या गल्लीत दहा मिनिटांत करून देतो.

चौकट_राजा:
पिकोचा दाट टाका म्हणजे कडेला भोकांची रांग! साडीला ठीक आहे.

शिवणपेटी:
फुलं उसवली. पण पीयूएलवर भोकं राहिली, ती धुऊन बुजतील का?

सुईदोरा:
नाही. पीयूएलचा थर बदला. फ्लॅनेल, टॉवेल वाया जात नाही. सहाही जोड एकदम उसवू नका. आधी एकच पॅड नीट शिवा, त्यावर चहाचे चार चमचे पाणी थांबत थांबत ओता, खाली कोरडा टिश्यू ठेवून तळव्याने दाबा. टिश्यू कोरडा राहिला तर बाकीचे करा.

मलमलवाली:
पावसात असे जाड पॅड वाळायला वेळ लागतो, पंख्याखाली उलटे टाका. पीयूएलवर थेट इस्त्री फिरवू नका, वितळतं. माझं मत मात्र मलमलच.

शिवणपेटी:
पीयूएल लालबागला मिळेल का? घराजवळ आहे.

फिरकी:
लालबागला मसाले मिळतात. पीयूएल ऑनलाइन मागवा, नाहीतर जुन्या कापडी डायपरचा बाहेरचा थर कापून घ्या.